‘कर्करोगकारक’ यादीत नाव आलं म्हणजे नेमकं काय झालं?

१४ जुलै २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेकडून अ‍ॅस्पार्टेमबद्दल एकाच वेळी दोन निष्कर्ष जाहीर झाले. अ‍ॅस्पार्टेम हा साखरेच्या सुमारे २०० पट गोड पदार्थ. ‘शुगर फ्री’ किंवा ‘डाएट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेयांत, गोळ्यांत आणि च्युइंगममध्ये तो असतो. पहिला निष्कर्ष असा, की त्याच्यामुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता आहे. दुसरा असा, की रोज किती घेतला तर चालेल याची १९८१ पासूनची मर्यादा बदलण्याचं कारण नाही. बातम्यांनी पहिला उचलला. दुसरा बहुतेकांपर्यंत पोचलाच नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांना वाटलं, या शास्त्रज्ञांचंच काही ठरत नाहीये.

प्रत्यक्षात ठरलेलं होतं. दोन समित्यांनी दोन वेगळे प्रश्न हाती घेतले होते आणि दोघींची उत्तरं आपापल्या जागी बरोबर होती. आहारशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हा फरक पक्का ठाऊक हवा असं मला फार मनापासून वाटतं. उद्या समुपदेशनाला आलेली एखादी आई मोबाइल पुढे धरून विचारणार आहे, “मॅडम, हे वाचलंत का? आता मुलांना द्यायचं तरी काय?” तिला आणखी घाबरवणं सोपं आहे. “काही होत नाही हो” म्हणून वाटेला लावणं त्याहून सोपं आहे. दोन्हींतून तिच्या हाती काही लागत नाही.

दोन समित्या, दोन प्रश्न

पहिली समिती फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची. ही संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली आणि ती जागतिक आरोग्य संघटनेचाच भाग आहे. तिला ‘आयार्क’ म्हणतात. हा पदार्थ माणसाला कर्करोग घडवू शकतो का, आणि त्याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढंच ती तपासते.

दुसरी समिती ‘जेक्फा’. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना या दोघींची ती तज्ज्ञ समिती असून १९५६ पासून काम करते आहे. तिचा प्रश्न पुढचा आहे. माणसं हा पदार्थ खऱ्या आयुष्यात किती खातात आणि तेवढ्याने अपाय होतो का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला धोका म्हणू आणि दुसऱ्याच्या उत्तराला जोखीम. धोका हा पदार्थाचा गुण असतो. जोखीम ठरते ती पदार्थ, त्याची मात्रा आणि खाणारा माणूस हे तिन्ही एकत्र आल्यावर.

समजा रानात कुठेतरी कठडा नसलेली विहीर आहे. आयार्क सांगते ते एवढंच, की ‘इथे विहीर आहे’, आणि ‘आम्हाला तशी पक्की खात्री आहे’ किंवा ‘खुणा दिसतात, पण खात्री नाही’. विहीर खोल आहे की गुडघाभर पाण्याची, तुमची रोजची वाट तिच्या काठावरून जाते की दोन कोसांवरून, वाटेने चालणारा मोठा माणूस आहे की रांगतं मूल, यांपैकी काहीही त्या पाटीवर लिहिलेलं नसतं. ते शोधणं दुसऱ्या समितीचं काम आणि पुढे आहारतज्ज्ञाचं.

गटांचे आकडे कशाचे असतात?

आयार्कचे गट चार. गट १ म्हणजे माणसात कर्करोग घडवतो याचा पुरेसा पुरावा आहे. २-ए म्हणजे बहुधा घडवत असावा. २-बी म्हणजे घडवण्याची शक्यता आहे, पण पुरावा तोकडा. गट ३ म्हणजे ठरवता येईल इतका पुरावाच नाही. अ‍ॅस्पार्टेम २-बी मध्ये आहे. मोबाइलच्या रेडिओ लहरीही २०११ पासून त्याच गटात आहेत.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. हे गट वाचताना लोकांना वाटतं, गट १ सर्वांत घातक, २-ए त्याखालोखाल, २-बी आणखी कमी. प्रत्यक्षात तो चढता-उतरता क्रम पुराव्याच्या भक्कमपणाचा आहे. गट १ मध्ये तंबाखूचा धूर आहे, मद्य आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे आणि ऊनही आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये १० देशांच्या २२ तज्ज्ञांनी प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवून, धुरी देऊन किंवा टिकाऊ रसायनं घालून ठेवलेलं मांस, याच गटात टाकलं. दुसऱ्या दिवशी जगभर मथळे झळकले, की असं मांस सिगारेटइतकंच घातक आहे.

आयार्कने तेव्हाच प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा दिला होता. त्यात उद्धृत केलेले जागतिक अंदाज असे: तंबाखूमुळे कर्करोगाने वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू, मद्यामुळे ६ लाख, हवेच्या प्रदूषणामुळे २ लाखांहून जास्त, आणि प्रक्रिया केलेलं मांस भरपूर असलेल्या आहारामुळे सुमारे ३४ हजार. चौघांचा गट एकच, पण विहिरींची खोली किती वेगळी. ३४ हजार मृत्यूही काही थोडे नव्हेत आणि ते मांस कमी करा हा सल्ला योग्यच आहे. पण सिगारेट ओढणाऱ्याने सिगारेट तशीच ठेवून सँडविचमधलं मांस काढलं आणि समाधान मानलं, तर त्याच्या सल्लागाराचं काहीतरी चुकलं.

१८ टक्के कशाचे?

त्याच अहवालात एक आकडा होता. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. बहुतेक वाचकांनी त्याचा अर्थ असा लावला, की खाणाऱ्या १०० जणांपैकी १८ जणांना कर्करोग होणार.

कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहा. हिशेबापुरतं धरू, की असं मांस न खाणाऱ्या १०० जणांपैकी ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. १८ टक्के वाढ होते ती या ५ मध्ये. ५ चे १८ टक्के म्हणजे ०.९. आता रोज ५० ग्रॅम खाणाऱ्या १०० जणांत जवळजवळ ६ जण आजारी पडतील. म्हणजे १०० माणसांनी वर्षानुवर्षं रोज खाल्लं, तर साधारण एक माणूस जास्त.

‘१८ टक्के वाढ’ आणि ‘शंभरात एक जास्त’ ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. पहिलीला सापेक्ष वाढ म्हणतात, दुसरीला प्रत्यक्ष वाढ. मथळ्यात सापेक्ष आकडा येतो, कारण तो मोठा दिसतो. म्हणून टक्के दिसले, की ‘कशाच्या टक्के, मुळात किती होते?’ हे विचारायची सवय लावून घ्या. मुळात दहा हजारांत एकाला होणारा आजार दुप्पट झाला तरी दहा हजारांत दोघांनाच होतो.

उलट बाजूही विसरू नका. शंभरात एक हे एका माणसाला नगण्य वाटेल, पण कोटींच्या लोकसंख्येत तोच आकडा लाखांत जातो. म्हणून सरकारने किंवा आरोग्य संघटनेने दिलेला सल्ला आणि एका माणसाला वाटायला हवी ती भीती, यांचं माप एक नसतं.

मर्यादा ठरते कशी?

आता जेक्फाच्या कामाकडे. खाद्यपदार्थात मिसळायच्या पदार्थाची मर्यादा ठरवताना प्राण्यांना त्याच्या वाढत्या मात्रा दीर्घकाळ देतात. ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला कोणताही अपाय दिसत नाही, ती नोंदवतात. अ‍ॅस्पार्टेमच्या बाबतीत ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४००० मिलिग्रॅम निघाली.

ही मात्रा माणसाला तशीच लावत नाहीत. तिला १०० ने भागतात. त्यातले १० प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी आणि १० माणसामाणसांतल्या फरकासाठी, कारण लहान, म्हातारे, आजारी, सगळ्यांची शरीरं सारखी चालत नाहीत. ४००० ला १०० ने भागलं, की येतात ४०. म्हणून अ‍ॅस्पार्टेमची मर्यादा दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. हिला दैनिक सेवन मर्यादा म्हणतात. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं गृहीत धरून ती काढलेली असते. एखाद्या दिवशी ती ओलांडली तर लगेच काही बिघडत नाही, पण रोजची सवयच तिच्या वर असेल तर काळजीचं कारण आहे.

माणूस ७० किलोचा असेल तर त्याला २८०० मिलिग्रॅम. पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असेल आणि ते दुसरीकडून कुठूनच मिळत नसेल, तर मर्यादा ओलांडायला रोज ९ ते १४ कॅनहून जास्त प्यावे लागतील. इतकं कोण पितं?

पण इथेच थांबू नका. हाच हिशेब २० किलोच्या मुलाला लावा. त्याची मर्यादा ८००. कॅनमध्ये २०० असतील तर ४ कॅन, ३०० असतील तर तीनही भरत नाहीत. शिवाय तेच मूल गोड च्युइंगम चघळतं, ‘साखर नसलेली’ जेली खातं. चार कॅन रोज ही सवय तरीही विरळाच, पण मोठ्या माणसाच्या तुलनेत अंतर कितीतरी कमी झालं. आहाराची माहिती घेताना मुलाचं वजन विचारायचं ते यासाठी.

ही मर्यादा सगळ्यांना लागू होतेच असं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना ती सहसा लावत नाहीत, कारण त्यांच्या शरीराची निचरा करण्याची व्यवस्था अजून पक्की झालेली नसते. आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात दोष असलेल्यांना अ‍ॅस्पार्टेम चालतच नाही. त्यातून फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल सुटतं, ते त्यांच्या शरीराला हाताळता येत नाही आणि साठून मेंदूला इजा करतं. त्यांच्यासाठी ही विहीर अगदी दारात आहे, आणि त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही.

याच विषयातली आणखी एक गोष्ट गाजावाजात मागे पडली. मे २०२३ मध्ये, म्हणजे त्या दोन निष्कर्षांच्या दोन महिने आधी, जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला होता, की वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी असे गोड पदार्थ वापरू नयेत. मुख्य कारण कर्करोगाच्या भीतीचं नव्हतं. दीर्घकाळात चरबी कमी होण्यात त्यांचा फायदा दिसत नव्हता. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. वजन कमी करायला आलेल्या माणसाच्या कामाची माहिती ही होती, आणि ती त्याच्यापर्यंत पोचली नाही.

“उंदराला झालं म्हणून माणसाला होईल कशावरून?”

रास्त शंका आहे आणि तिचं उत्तर दोन्ही बाजूंनी जातं.

सॅकरीनचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात त्याची मोठी मात्रा दिलेल्या उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. अमेरिकेत १९७७ पासून सॅकरीन असलेल्या पदार्थांवर धोक्याची सूचना छापणं सक्तीचं झालं. पुढच्या संशोधनात उलगडलं, की त्या उंदरांच्या लघवीची घडणच अशी असते, की सॅकरीनच्या प्रचंड मात्रेने तिच्यात बारीक खडे-कण तयार होतात. ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत टोचतात आणि त्या जखमा भरून काढण्याच्या धडपडीत पेशी बेसुमार वाढतात. माणसात ही साखळी घडत नाही. आयार्कने सॅकरीनला २-बी मधून गट ३ मध्ये नेलं आणि २००० मध्ये अमेरिकेतली ती सूचनाही गेली.

कॉफीचंही तसंच. १९९१ मध्ये ती २-बी मध्ये होती, २०१६ मध्ये हजाराहून अधिक अभ्यास पाहून ती गट ३ मध्ये गेली. त्याच बैठकीत ६५ अंश सेल्सियसहून गरम पेयं मात्र २-ए मध्ये आली. अन्ननलिका वारंवार भाजणं हे तिथलं कारण.

“शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात” असं म्हणणाऱ्यांना मी हीच उदाहरणं देते. पुरावा बदलल्यावर निष्कर्ष बदलला नाही, तर मला जास्त काळजी वाटेल.

काही ठिकाणी मात्र कायदाच मात्रेचा विचार करू देत नाही. अमेरिकेतलं डिलेनी कलम सांगतं, की माणसात किंवा प्राण्यात कर्करोग घडवणारं मिश्रक अन्नात नकोच, मग मात्रा कितीही असो. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रेड ३’ या खाद्यरंगाची परवानगी काढली ती याच कलमाखाली. नर उंदरांत गाठी ज्या मार्गाने होतात तो मार्ग माणसात नाही, हे प्रशासनाने स्वतःच नोंदवलं होतं. असा कायदा असावा का, यावर दुमत असू शकतं. रंगाने पोषण तर काही होत नाही, तेव्हा तो गेल्याचं मला दुःख नाही. पण ‘बंदी आली म्हणजे आजवर विष खात होतो’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

“मग शून्यच का ठेवत नाहीत?”

ही शंका सर्वांत खोल आहे, आणि इथे आधी सांगितलेला शंभराने भागायचा हिशेबही अपुरा पडतो.

तो हिशेब चालतो कारण बहुतेक पदार्थांना एक उंबरठा असतो. त्याखालच्या मात्रेला शरीर पदार्थाची विल्हेवाट लावतं. पण काही पदार्थ थेट पेशीतल्या डीएनएला इजा करतात. त्यांच्यासाठी असा उंबरठा गृहीत धरत नाहीत. मात्रा कमी म्हणजे शक्यता कमी, एवढंच म्हणता येतं.

अफ्लाटॉक्सिन हे त्याचं सर्वांत गंभीर उदाहरण. शेंगदाणे, मका अशा पिकांवर ओल राहिली, की अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती हे विष बनवते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून याचा शोध लागला. २००४ मध्ये केनियात बुरशी लागलेला मका खाऊन ३१७ जण आजारी पडले आणि १२५ मेले. ते मोठ्या मात्रेने. थोड्या मात्रेने वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर यकृताचा कर्करोग होतो. शिजवल्याने किंवा भाजल्याने ते पुरतं नष्ट होत नाही.

आता खाणाऱ्याकडे पाहा. जेक्फाच्या अंदाजानुसार तेवढ्याच अफ्लाटॉक्सिनने होणारी यकृताच्या कर्करोगाची शक्यता हिपॅटायटिस-बी चा संसर्ग असलेल्या माणसात सुमारे ३० पट जास्त असते. पदार्थ तोच, मात्रा तीच, जोखीम तीसपट. म्हणजे हिपॅटायटिस-बी ची लस टोचणं हाही अन्नातल्या विषाविरुद्धचा उपाय ठरतो. आहारशास्त्रात मला थक्क करणाऱ्या गोष्टींत ही फार वर आहे.

इतकं असूनही अफ्लाटॉक्सिनची मर्यादा शून्य का नाही? कारण शून्य आणायचं तर शेंगदाणे, मका आणि अशी कित्येक पिकं जेवणातून काढावी लागतील आणि ती ज्यांचं मुख्य अन्न आहे त्यांची उपासमार होईल. म्हणून नियम असा, की व्यवहारात जितकं खाली नेता येईल तितकं न्या. पीक वेळेत वाळवा, ओल लागू देऊ नका, बुरशीचे दाणे निवडून टाका, राहील त्याला कायद्याने मर्यादा घाला.

दुसरं उदाहरण अ‍ॅक्रिलामाइडचं. उद्योगात वापरलं जाणारं हे रसायन अन्नात आपोआप तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले, की त्यातलं अस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यातून ते बनतं. म्हणजे माणूस तळायला-भाजायला शिकला तेव्हापासून ते आपल्या पोटात जातं आहे. ते २-ए मध्ये आहे. अशा पदार्थांसाठी तज्ज्ञ एक अंतर मोजतात: प्राण्यांत अपाय दिसू लागतो ती मात्रा माणसाच्या रोजच्या मात्रेच्या किती पट आहे? हे अंतर १० हजार पट किंवा जास्त असेल, तर काळजी कमी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये अ‍ॅक्रिलामाइडसाठी काढलेलं अंतर साधारण प्रौढांसाठी ४२५ पट होतं आणि असे पदार्थ भरपूर खाणाऱ्या लहानग्यांसाठी फक्त ५० पट. माणसांवरच्या अभ्यासांत कर्करोगाशी ठाम नातं दिसलेलं नाही, तरीही हे अंतर दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सल्ला मात्र साधा आहे. बटाटा सोनेरी झाला की उतरवा, काळपट होऊ देऊ नका, आणि तळलेलं रोजचं करू नका. उकडण्यात, वाफवण्यात तापमान तितकं चढतच नाही.

नायट्राइटची कथा आणखी अवघड. मांस टिकवायला ते घालतात, त्यातून नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक रसायनं बनू शकतात. पण तेच नायट्राइट क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूला रोखतं, ज्याचं विष माणसाला काही दिवसांत मारू शकतं. ते काढून टाकलं तर एक जोखीम कमी होते आणि दुसरी डोकं वर काढते. इथे उत्तर मात्रेत शोधावं लागतं, किंवा असं मांस कमी खाण्यात.

“अवशेष सापडले” म्हणजे किती सापडले?

आजची यंत्रं एक टन धान्यातला एक मिलिग्रॅम पदार्थही पकडतात. म्हणून ‘अमुक पदार्थ सापडला’ या वाक्यात आधी यंत्राची ताकद कळते. किती सापडला ते पुढच्या ओळीत असायला हवं, आणि पुष्कळदा ते नसतंच.

कीटकनाशकांच्या अवशेषांची कायदेशीर कमाल मर्यादाही नीट समजून घ्या. ती ठरते शेतातल्या चाचण्यांवरून: औषध ठरल्या प्रमाणात, ठरल्या वेळी फवारलं तर पिकात जास्तीत जास्त किती उरेल? तेवढं खाऊन आरोग्याची मर्यादा ओलांडली जात नाही, हे तपासून मग ती मान्य होते. म्हणून ती ओलांडली जाणं हा फवारणी चुकल्याचा पुरावा आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण तो घास विषारी होता का, हे वेगळं तपासावं लागतं.

“प्रत्येकाची मर्यादा वेगळी पाहता, पोटात तर सगळं एकत्र जातं!” अगदी खरं. ही या पद्धतीची उणीव आहे आणि ती झाकून ठेवू नये. शरीरावर एकाच पद्धतीने परिणाम करणाऱ्या पदार्थांना एकत्र मिळून एकच मर्यादा देण्याची रीत आहे. युरोपात कीटकनाशकांच्या एकत्रित परिणामांचं मोजमापही सुरू झालं आहे. काम बरंच बाकी आहे. तोवर रोज तेच ते न खाता वेगवेगळं खाणं, फळं-भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुणं, याने कुठल्याही एका पदार्थाची मात्रा आपोआप खाली राहते.

“कंपन्याच पैसे देऊन हवं ते लिहून घेतात.” ही शंकाही हसण्यावारी नेऊ नका. आयार्क फक्त प्रसिद्ध झालेलं, सर्वांना वाचता येणारं संशोधन पाहते. जेक्फा कंपन्यांनी दिलेला अप्रकाशित तपशीलही विचारात घेते. त्यामुळे जेक्फाकडे माहिती जास्त असते, पण बाहेरच्यांना ती पडताळता येत नाही. पैसा कोणी दिला, कच्ची आकडेवारी खुली आहे का, दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहिला का, हे प्रत्येक अभ्यासाबाबत विचारायला हवं. तोच नियम भीती पसरवणाऱ्यांनाही लावा. ‘विषमुक्त’ पावडर विकणाराही विक्रेताच आहे.

नैसर्गिक असलं की मोजायचं नाही?

गाजरातलं बीटा-कॅरोटिन चांगलं, मग त्याच्या गोळ्या त्याहून चांगल्या, असं वाटून फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅमच्या गोळ्या देण्याचा प्रयोग झाला. आशा अशी, की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अन्नातून मिळणारं बीटा-कॅरोटिन तसं वागत नाही. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात गोळीतली मोठी मात्रा वेगळी वागली.

पोषकांना खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. तयार रूपातल्या (म्हणजे बीटा-कॅरोटिनपासून शरीरात बनणाऱ्या नव्हे) जीवनसत्त्व ‘अ’ची प्रौढांसाठी वरची मर्यादा रोज ३००० मायक्रोग्रॅम मानतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला ती ओलांडत राहिली, तर गर्भात व्यंग येऊ शकतं. गरोदर बाई आपल्याकडे येते तेव्हा ती कुठल्या कुठल्या गोळ्या घेते, ते सगळ्या बाटल्या समोर ठेवून पाहा. एकाच घटकाची भर तीन बाटल्यांतून पडत असते आणि तिला ते माहीत नसतं.

मिठाला तर कोणी घाबरतच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि जास्त सोडियमशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे १८ लाख ९० हजार आहेत. कोणत्याही कर्करोगकारक यादीत नाव नसलेला हा पदार्थ वर दिलेल्या अंदाजांतल्या, मद्यामुळे कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंनाही मागे टाकतो.

मग आधी कशाकडे पाहायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नाने वर्षाला ६० कोटी माणसं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यांत सव्वा लाख मुलं पाच वर्षांखालची असतात. यातला बहुतेक भार जंतूंचा. मला याची तळमळ वाटते, कारण समुपदेशनाला आलेली माणसं रंग आणि टिकाऊ रसायनांबद्दल खोदून विचारतात, पण शिजवलेलं अन्न किती वेळ बाहेर राहिलं याबद्दल जवळजवळ कोणीच विचारत नाही.

साध्या भाताचंच पाहा. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर पडून राहिला, की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्या काही जाती उलट्या घडवणारं विष बनवतात. हे विष एवढं चिवट असतं, की भात पुन्हा कितीही कडकडीत गरम केला तरी ते टिकतं. जंतू मरतात, विष राहतं. वास बदलत नाही, चव बदलत नाही.

५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजवलेलं अन्न त्यात दोन तासांहून जास्त राहू नये. भात उरला तर पातेल्यात गच्च ठेवू नका. पसरट भांड्यात पातळ पसरा म्हणजे लवकर निवेल, आणि मग फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवा. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांच्याकडून आहाराची माहिती घेताना ‘काय खाल्लं’ याच्या शेजारी ‘कधी शिजवलं, कुठे ठेवलं, कधी खाल्लं’ असे तीन रकाने आखून घ्या.